मड खेळ : सर्व्हर-आज्ञावलीची निवड

एकाच वेळी अनेक व्यक्तींना संगणकजालावरून भाग घेता येतो अशा, केवळ मजकुराच्या माध्यमातून चालणाऱ्या खेळास मड म्हणतात. ‘मल्टी-यूझर डंजन’ या मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून हा शब्द बनला असून तो आता या प्रकारच्या सर्व खेळांस लावला जातो. खेळणाऱ्याच्या पडद्यावर चित्रे नसतात. आपण कोठे आहोत, समोर कोणत्या वस्तू आहेत, तेथे आणखी कोण उपस्थित आहे, हे त्यास शब्दांत वाचावयास मिळते आणि आपली कृतीही तो शब्दांतच कळवितो. हे सर्व चालविणारी आज्ञावली एका मध्यवर्ती संगणकावर सतत कार्यरत असते. तीस सर्व्हर-आज्ञावली म्हणतात. तिची निवड ही वरवर तांत्रिक बाब वाटते. तथापि खेळाच्या भुवनात भर घालण्याचा अधिकार कोणास राहील, खेळ कोणत्या भाषेत खेळता येईल आणि अनेकांनी वर्षानुवर्षे लिहिलेला मजकूर पुढे टिकेल किंवा नाही, या गोष्टी तिच्यावरच अवलंबून असतात. भुवन एकदा विशिष्ट आज्ञावलीच्या साच्यात लिहिले गेले की ते दुसरीकडे नेणे कष्टाचे होते. यामुळे ही निवड आरंभीच विचारपूर्वक करावी लागते. मराठीतून खेळ रचावयाचा असल्यास तर तिचे महत्त्व अधिकच वाढते.

सर्व्हरचे कार्य : मडचे भुवन ‘कक्ष’ या घटकांचे बनलेले असते. कक्ष म्हणजे खोलीच असे नव्हे. वर्णनाने वेगळे दाखविता येणारे कोणतेही स्थान म्हणजे कक्ष होय. उदा., परभणी जिल्ह्याच्या भूगोलावर एखादा खेळ रचावयाचा आहे असे मानल्यास परभणी रेल्वेस्थानक, गंगाखेड येथील गोदावरीचा घाट, जिंतूर तालुक्यातील येलदरी धरण हे प्रत्येकी एकेक कक्ष होतील. कक्षांना वाटा असतात. परभणी स्थानकातून एक वाट पिंगळीवरून पूर्णेकडे, दुसरी मानवत रोड व सेलूकडे आणि तिसरी गंगाखेडकडे जाईल. पूर्णा जंक्शनहून पुढे एक वाट नांदेडकडे, तर दुसरी हिंगोलीमार्गे अकोल्याकडे फुटेल. कक्षांत वस्तू व पात्रे असतात. पात्रांपैकी काही प्रत्यक्ष खेळाडूंची, तर काही सर्व्हरनेच चालविलेली असतात.

खेळाडूने ओळ लिहून पाठविली की सर्व्हर ती वाचतो, तिचा अर्थ लावतो, त्यानुसार भुवनाच्या स्थितीत बदल करतो आणि त्या बदलाची वार्ता त्या कक्षातील सर्वांस त्यांच्या त्यांच्या दृष्टिकोनातून कळवितो. दिवा उचलणाऱ्यास एक वाक्य दिसते, पाहणाऱ्यांस दुसरे. दोघांनी एकच दिवा एका क्षणी उचलू पाहिल्यास तो एकासच मिळेल, ही दक्षताही सर्व्हरला घ्यावी लागते. सर्कलमड या प्रसिद्ध आज्ञावलीत हे चक्र सेकंदाला दहा वेळा फिरते. मजकुराचा पसारा अल्प असल्याने या कामास फार शक्तिमान संगणक लागत नाही व मंदगती जोडणीवरही खेळ चालतो. म्हणून वेग हा निवडीचा मुख्य निकष ठरत नाही.

उगम व प्रमुख कुळे : पहिला मड इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये पीडीपी-१० या संगणकावर रचला. १९८० च्या सुमारास त्याचे काम रिचर्ड बार्टल यांच्याकडे आले. ट्रबशॉ यांनी पुढील आवृत्तीत खेळ चालविणारे यंत्र व खेळाच्या भुवनाचे वर्णन यांची फारकत केली आणि वर्णनासाठी मडल ही वेगळी भाषा योजली. एकाच यंत्रावर निरनिराळी भुवने उभी करता यावीत, हा त्यामागील हेतू होता. सर्व्हरच्या निवडीचा प्रश्न या फारकतीतूनच उद्‌भवला.

वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे ॲलन कॉक्स यांनी १९८७ मध्ये अ‍ॅबरमड लिहिला. १९८८ मध्ये तो सी भाषेत आल्यावर युनिक्स प्रणालीच्या संगणकांवर अनेक विद्यापीठांतून पसरला. १९८९ मध्ये दोन भिन्न वाटा निघाल्या. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस यांनी टायनीमड रचला. त्यात लढाई व गुण यांना गौण स्थान होते आणि कोणाही खेळाडूस नवे कक्ष निर्माण करता येत. स्वीडनमध्ये लार्स पेन्श्यो यांनी एलपीमड तयार केला. त्यात यंत्र लहान ठेवून खेळाचे जवळजवळ सर्व नियम एलपीसी या स्वतंत्र भाषेत लिहिण्याची सोय केली होती. टायनीमडच्या वाटेने मश, मक व मू ही कुळे झाली. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेला लॅम्डामू हा त्यांपैकी विख्यात होय. तिसरे मोठे कूळ डेन्मार्कचे. कोपनहेगन विद्यापीठातील पाच विद्यार्थ्यांनी १९९०-९१ मध्ये लिहिलेला डिकूमड सज्ज अवस्थेत मिळत असे व लगेच चालू करता येई, त्यामुळे तो फार लोकप्रिय झाला. जेरेमी एल्सन यांचा सर्कलमड (१९९३) हा त्याचाच वंशज होय. अलीकडील आज्ञावलींपैकी पायथन भाषेतील एव्हेनिया ही उल्लेखनीय आहे. ती भुवनाची साठवण प्रमाणित डेटाबेसमध्ये करते.

रचनेचा अधिकार : या कुळांतील खरा भेद भुवनात बदल कोण व कसा करू शकतो, यात आहे. मूळ डिकूमडमध्ये कक्ष, पात्रे व वस्तू यांची वर्णने ठराविक साच्याच्या धारिकांत लिहिलेली असत व सर्व्हर सुरू होताना ती वाचली जात. लढाईसारखे नियम सी भाषेतील यंत्रातच गुंफलेले असल्याने ते बदलण्यासाठी आज्ञावली पुन्हा संकलित करून खेळ नव्याने सुरू करावा लागे. खेळता खेळता भुवन घडविण्याची साधने त्यात पुढे जोडली गेली. एलपीमडमध्ये ज्यांना अधिकार दिला आहे अशा रचनाकारांना खेळ चालू असतानाच नियम लिहिता येतात. मू प्रकारात सामान्य सभासदासही आपल्या वस्तूंना वर्तन देता येते.

अधिकार जितका व्यापक तितकी जबाबदारीही मोठी. टायनीमडचे भुवन इतक्या झपाट्याने फुगले की ते एप्रिल १९९० मध्ये, म्हणजे वर्षभराच्या आतच बंद करावे लागले. लॅम्डामूमध्ये एका सभासदाने आपण लिहिलेल्या आज्ञांच्या बळावर इतरांच्या पात्रांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध कृत्ये घडत असल्याचे दाखविले. हे प्रकरण ज्युलियन डिबेल यांच्या १९९३ मधील लेखामुळे सर्वज्ञात झाले. त्यानंतर तेथे अर्ज व मतदान यांद्वारे नियम ठरविण्याची पद्धत आली. परभणीसारख्या जिल्ह्यातील शाळांनी मिळून आपापल्या गावांचे कक्ष लिहावयाचे ठरविल्यास विद्यार्थ्यांना वर्णन लिहिण्याचा अधिकार हवा, परंतु आज्ञा लिहिण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडेच असावा, अशी पायरी ठेवता येणारी आज्ञावली इष्ट ठरेल.

लिपीचा प्रश्न : मडची देवघेव सामान्यतः टेलनेट या पद्धतीने होत आली आहे. १९८३ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत मूलतः सात बिटांच्या आस्की चिन्हांसाठी, म्हणजे रोमन लिपीसाठी होती. भारतात एर्नेट हे शैक्षणिक जाल १९८६ पासून उभारले गेले व १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वांस खुली केली. विद्यार्थ्यांना त्या काळी मिळणारी खाती केवळ मजकूर दाखविणारी असत. मडला ती पुरेशी होती. देवनागरीस मात्र तेथे वाव नव्हता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये आले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश झाला. १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीमुळे ही लिपी सामान्य जोडणीवरून पाठविणे शक्य झाले [⟶ देवनागरी लिपी].

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. स्वरचिन्ह, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असल्याने डोळ्यांस दिसणारी अक्षरे, युनिकोड चिन्हे व बाइट या तीन संख्या वेगवेगळ्या येतात. ‘परभणी’ या शब्दात अक्षरे ४, चिन्हे ५ व बाइट १५ आहेत. ‘गंगाखेड’ मध्ये अक्षरे ४, चिन्हे ७ व बाइट २१. तर ‘पूर्णा’ या दोन अक्षरी नावात चिन्हे ६ व बाइट १८ आहेत. जी आज्ञावली बाइट मोजून ओळ तोडते, ती अक्षराच्या मध्येच छेद देऊ शकते व पडद्यावर निरर्थक खुणा उमटतात. सर्कलमडच्या मूळ आज्ञावलीत तर येणारा प्रत्येक बाइट छापण्याजोगे आस्की चिन्ह आहे का हे पाहून, नसल्यास तो गाळला जातो. साहजिकच मराठीत लिहिलेली आज्ञा तेथे रिकामीच पोहोचते. शिवाय ओळीची मर्यादा २५६ बाइटांची असल्याने ही गाळणी काढून टाकली तरी देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे एका ओळीत मावतात. याउलट पायथन भाषेत मजकूर युनिकोड चिन्हांच्या रूपात हाताळला जात असल्याने एव्हेनियात हा अडथळा नाही. एलपी कुळातील फ्लफओएस या यंत्रातही २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत यूटीएफ-८ ची सोय आहे.

दिसावयास सारखा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जाणे, ही आणखी एक अडचण होय. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ऱ हे एकच चिन्ह म्हणून, र व नुक्ता अशा दोन चिन्हांनी किंवा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशा रीतीने टंकलिखित होऊ शकते. मानवी डोळ्यास यात फरक जाणवत नाही, संगणकास मात्र हे भिन्न शब्द होत. म्हणून आलेला मजकूर तुलनेपूर्वी एकाच रूपात आणण्याची सोय सर्व्हरमध्ये असावी किंवा सहज जोडता यावी. जोडाक्षरांची योग्य मांडणी हे सर्व्हरचे काम नसून खेळाडूकडील साधनाचे आहे. प्रत्येक चिन्हास एक चौकट देणाऱ्या जुन्या टर्मिनलमध्ये देवनागरी विस्कटते, ब्राउझरमध्ये ती नीट दिसते. ब्राउझरमधून खेळण्याची व्यवस्था अंतर्भूत असलेली आज्ञावली या दृष्टीने सोयीची होय.

आज्ञांचे व्याकरण : बहुतेक सर्व्हर इंग्रजी वाक्यरचना गृहीत धरतात. त्या भाषेत आज्ञार्थी वाक्याचा आरंभ क्रियापदाने होतो, म्हणून सर्व्हर ओळीतील पहिला शब्द कृती मानून आपल्या आज्ञासूचीत शोधतो. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ‘पेटीतून दिवा काढ’ असे लिहिल्यास इंग्रजी घडणीचा सर्व्हर ‘पेटीतून’ नावाची कृती शोधू लागतो व ती नाही असे कळवितो. खेळाडूंनी ‘काढ दिवा पेटीतून’ असे लिहावे, हा एक उपाय. परंतु त्यामुळे भाषा कृत्रिम होते. शेवटचा शब्द प्रथम तपासणारा अर्थलावक जोडणे हा दुसरा उपाय होय. एव्हेनियात मूळ आज्ञावलीस हात न लावता केवळ मांडणीतील एक नोंद बदलून स्वतःचा अर्थलावक वापरता येतो. डिकू कुळात त्यासाठी सी भाषेतील मूळ भाग बदलावा लागतो.

मराठी नामांची रूपे हा याहून बिकट भाग आहे. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते : पूल-पुलावर, विहीर-विहिरीत, घोडा-घोड्यावर. डिकू कुळातील काही आज्ञावलींत नाव ओळखताना शब्दाच्या आरंभीची अक्षरे जुळविली जातात. ‘पुलावर’ चा आरंभ ‘पूल’ शी जुळत नाही. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत मूळ नामाबरोबर सामान्यरूपही लिहून ठेवावे व प्रत्ययांची छोटी सूची सर्व्हरला द्यावी, हा साधा व भरवशाचा मार्ग आहे. आरंभाक्षरे जुळविण्याच्या पद्धतीचा स्थलनामांतही घोटाळा होतो. ‘मानवत’ हे गाव व ‘मानवत रोड’ हे स्थानक यांत ती गल्लत करील. ‘पूर्णा’ म्हटल्यावर नदी अभिप्रेत आहे की गाव, हे संदर्भावाचून कळणार नाही. अशा वेळी खेळाडूस उलट प्रश्न विचारणारी व्यवस्था असावी.

सर्व्हरने द्यावयाच्या उत्तरांनाही व्याकरण असते. ‘दिवा घेतला’, ‘पेटी घेतली’, ‘पुस्तक घेतले’ यांत क्रियापद वस्तूच्या लिंगानुसार बदलते. डिकूमडमध्ये पात्रांना लिंग आहे, वस्तूंना नाही, कारण इंग्रजीस त्याची गरज भासत नाही. आदरार्थी बहुवचनाची कल्पनाही त्यात नाही. ‘मुलगा आला’ पण ‘आजोबा आले’ हा भेद मराठी खेळात न राखल्यास वाचणाऱ्यास तत्काळ खटकेल. ज्या आज्ञावलीत प्रत्येक वस्तूस व पात्रास हवे ते गुणधर्म जोडता येतात, तीच या कामी उपयोगी पडते. एव्हेनिया, मू व एलपी कुळांत हे शक्य आहे.

परवाना : मड आज्ञावली बहुधा विनामूल्य मिळतात, पण त्या सर्व निर्बंधमुक्त असतात असे नाही. डिकूमडबरोबर प्रसिद्ध झालेल्या मूळ परवान्यानुसार खेळातून आर्थिक लाभ मिळविण्यास मनाई होती आणि मूळ कर्त्यांची नावे खेळाच्या प्रारंभी दर्शविणे बंधनकारक होते. वंशज आज्ञावलींत पुढील कर्त्यांच्या अटींची भर पडत जाते. १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्ट या सचित्र खेळात डिकूमडचा भाग वापरला असल्याचा संशय व्यक्त झाला, तेव्हा तसे केले नसल्याचे त्याच्या निर्मात्यांनी २००० मध्ये शपथपूर्वक सांगितले. एव्हेनियाचा बीएसडी परवाना उदार असून त्यात व्यापारी वापरासही मुभा आहे. सार्वजनिक संस्थेने किंवा शाळेने खेळ चालविताना परवाना आरंभीच वाचणे अगत्याचे असते. वर्गणी घेण्याचा विचार पुढे झाल्यास तोपर्यंत उभे राहिलेले भुवन अडचणीत येऊ शकते.

टिकाऊपणा : निवडीचा अखेरचा व सर्वांत महत्त्वाचा निकष म्हणजे लिहिलेला मजकूर सर्व्हरपेक्षा अधिक काळ जगेल काय, हा होय. मूळ मडची एक आवृत्ती ‘ब्रिटिश लेजंड्स’ या नावाने कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन सेवेवर अनेक वर्षे चालू होती. १९९९ च्या अखेरीस जुने संगणक निवृत्त झाले, तेव्हा तीही बंद पडली. २००० मध्ये व्हिक्टर टॉथ यांनी ती सी++ भाषेत नव्याने लिहिल्यामुळेच ते भुवन वाचले. यंत्र व वर्णन यांची फारकत आधीच झालेली असल्याचा अशा वेळी लाभ होतो.

साठवणीच्या रीती निरनिराळ्या आहेत. मूळ डिकूमडमध्ये खेळाडूंची पात्रे जतन होतात, परंतु भुवनाचे विभाग ठराविक काळाने पूर्वस्थितीत आणले जातात. खेळाडूने केलेला फेरफार त्यात टिकत नाही. मू प्रकारात सर्व भुवन स्मृतीत असते व वेळोवेळी एका धारिकेत उतरविले जाते. दोन उतरवणींमध्ये वीज गेल्यास मधला भाग नष्ट होतो. एव्हेनियात बदल डेटाबेसमध्ये होत जातात. शिवाय जोडणी सांभाळणारा भाग व खेळ चालविणारा भाग अलग असल्याने नियम बदलून खेळ पुन्हा भरताना खेळाडूंची जोडणी तुटत नाही. कोणतीही आज्ञावली घेतली, तरी कक्षांची वर्णने साध्या यूटीएफ-८ मजकुराच्या धारिकांत वेगळी ठेवणे श्रेयस्कर असते, कारण त्या कोणत्याही भावी सर्व्हरला वाचता येतात.

निवडीची पद्धत : केवळ वैशिष्ट्यांच्या याद्या पाहून निर्णय घेण्यापेक्षा लहानशी चाचणी घेणे हिताचे असते. परभणी स्थानक, पूर्णा व गंगाखेडचा घाट असे तीनच कक्ष लिहून पुढील गोष्टी पाहाव्यात : (१) देवनागरीत आज्ञा लिहिता येते का व चुकलेले अक्षर खोडता येते का, (२) ‘पुलावर’, ‘किनाऱ्यावर’ अशी रूपे ओळखली जातात का, (३) एकाच वस्तूसाठी दोन खेळाडू झटले असता दोघांना योग्य वाक्ये दिसतात का, (४) आज्ञा लिहिण्याचा अधिकार नसलेल्यास वर्णन तेवढे लिहिता येते का, (५) संपूर्ण भुवन दुसऱ्या संगणकावर नेऊन जसेच्या तसे उभे करता येते का. डिकू कुळातील आज्ञावली इंग्रजीतील तयार खेळासाठी व सर्व्हरच्या अभ्यासासाठी आजही उपयुक्त आहेत. परंतु मराठीसाठी त्यांच्या गाभ्यात बरेच फेरफार करावे लागतात. मराठी भुवनासाठी युनिकोड जाणणारी, अर्थलावक बदलू देणारी व उदार परवान्याची आज्ञावली अधिक योग्य ठरते. पाचवी कसोटी जीस उतरत नाही, ती इतर सर्व बाबतींत सरस असली तरी टाळावी. कारण सर्व्हर बदलता येतो, पण अनेकांनी आपापल्या गावाविषयी लिहिलेला मजकूर एकदा गमावल्यावर पुन्हा जमविता येत नाही.